‘वाढवा’ या शब्दाचा अर्थ

मुलांनो,

तुमचे आजोबा तापाने गेले, एवढेच मी तुमच्या बाबांना आणि तुम्हाला आजवर सांगत आले. ते खोटे नाही. पण ताप हा शेवटचा भाग होता. आधीचा भाग मी कुणाला सांगितला नाही, कारण एवढ्याशा शब्दाने माणूस कसा जाईल, असे ऐकणाऱ्याला वाटले असते. आता तुमच्यापैकी थोरलीला तरी ते पटेल, म्हणून लिहायला बसले आहे.

गेल्या रविवारी ती फोनवर आपल्या कामाचे सांगत होती. तिच्या बँकेचे सगळे व्यवहार कोबोल नावाच्या एका जुन्या भाषेत चालतात. यंत्राला हुकूम देण्याची भाषा, पण व्यापारातल्या माणसाला वाचता यावी म्हणून साध्या इंग्रजी शब्दांची केलेली: मिळवा, हलवा, थांबा, असे. हे हुकमाचे शब्द राखीव असतात. आपल्या खात्यांना आणि रकमांना आपण हवी ती नावे द्यावीत, लांबलचक द्यावीत, मध्ये जोडरेघ घालावी, पण राखीव शब्द नाव म्हणून घ्यायचा नाही. अडचण अशी की भाषेची नवी आवृत्ती निघाली की राखीव शब्द वाढतात. कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी निर्धास्तपणे ठेवलेले नाव एका सकाळी भाषेच्या मालकीचे होऊन बसते आणि काम अडते. थोरली असेच एक नाव शोधून थकली होती.

मी तिला विचारले, “शब्द तोच ठेवून त्याचा अर्थच बदलला, असं होतं का गं?”

“शक्यतो कुणी करत नाही, आजी. नवा शब्द घालतात, जुना काढून टाकतात. पण तोच शब्द आणि अर्थ वेगळा, हे फार वाईट. लिहिणाऱ्याच्या मनात एक, वाचणाऱ्याच्या मनात दुसरं.”

“आणि कुणी केलंच तर?”

“तर लवकर कळतच नाही. कारण अडत काहीच नाही ना. सगळं सुरळीत चालू राहतं.”

ही भाषा कधीची, म्हणून मी विचारले. पन्नासच्या दशकाच्या अखेरची, ती म्हणाली. म्हणजे मी चांद्याला त्या ऑफिसात बसत होते, त्याच सुमाराची.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. आमचा सगळा मुलूख नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. तुमचे आजोबा बांबूचा ठेका घेणाऱ्या एका कंपनीत होते. जंगलातल्या तोडीच्या कॅम्पांवर देखरेख करण्याचे त्यांचे काम. मी नागपूरहून बी.ए. होऊन आलेली. मला इंग्रजी टायपिंग येते असे कळल्यावर कंपनीने मला चांद्याच्या ऑफिसात पत्रव्यवहाराला बसवले. त्या काळी हे जरा धाडसाचे होते. पण तुमच्या आजोबांना नवे काही करून पाहायला आवडे, आणि महिन्यातले पुष्कळ दिवस ते जंगलात असल्यामुळे घरात बसून मला भिंती मोजाव्या लागत.

ऑफिसचा खरा कारभार मुन्शीजींकडे होता. ते चांद्यातल्याच जुन्या मुसलमान घरातले, मेंदीने लाल केलेल्या दाढीचे, पानाचे शौकीन आणि स्वतःच्या हुशारीवर मनापासून खूश असलेले. मला ते ‘बी.ए.बाई’ म्हणत. ऑफिसात बाई आली म्हणून त्यांनी पिकदाणी तेवढी टेबलाखाली सरकवली होती.

आमचे कॅम्प धानोऱ्याकडे, कुरखेड्याकडे आणि सर्वांत लांब भामरागडकडे असत. तिकडे ट्रक आलापल्लीपर्यंत जाई. पुढे बैलगाडी, आणि नद्या ओलांडून पायी. चिठ्ठी पाठवून उपयोग नसे. कॅम्पवरच्या मुकादमांना वाचता येत नसे, आणि घामाने भिजलेला कागद पोहोचेपर्यंत लगदा होई. म्हणून निरोप हरकाऱ्याच्या तोंडी जात. आणि तोंडी निरोप वाटेत बदलतात म्हणून मुन्शीजींनी वर्षानुवर्षे एक आखीव बोली बसवली होती. प्रत्येक निरोप तीन शब्दांचा. पहिला हुकूम, दुसरे कॅम्पचे नाव, तिसरे काय ते. ‘उचला मोह-नाला बांबू.’ ‘पाठवा तेंदू-टेकडी तांदूळ.’ चौथा शब्द माणूस वाटेत सांडतो, असे ते म्हणत.

कॅम्पच्या नावांचेही त्यांचे नियम होते. गावाचे नाव कॅम्पला द्यायचे नाही, कारण त्या मुलखात एकाच नावाची गावे किती तरी. माणसाचे नाव द्यायचे नाही, कारण माणूस काम सोडून जातो. एक झाड आणि एक जागा, बस. आणि हुकमाचा शब्द नावात येता कामा नये. हा शेवटचा नियम मी आल्यानंतर झाला, तो माझ्या डोळ्यांसमोर.

आलापल्लीच्या वाटेवर ट्रक जिथे गार व्हायला उभे करत, त्या जागेला ड्रायव्हर लोक ‘थांबा’ म्हणत. तिथे बांबूचा साठा पडू लागला आणि तेच त्याचे नाव झाले. एकदा निरोप गेला, ‘उचला थांबा बांबू.’ दिवस कलल्यावर ट्रक मोकळाच परत आला.

“काऊन रे, गाडी रिकामी?” मुन्शीजींनी विचारले.

“तुमीच तं म्हनलं जी. उचला म्हनलं, मंग थांबा म्हनलं. मी थांबलो.”

“कुठी थांबला?”

“थांब्यावर.”

“आन बांबू?”

“बांबू बी तिथीच थांबून राह्यला न जी.”

हसून हसून मुन्शीजींना ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या जागेचे नाव बदलले आणि फर्मान काढले: हुकमाचे शब्द राखीव. “जसं राखीव जंगल, तसा राखीव शब्द, बी.ए.बाई. त्यात दुसऱ्या कोनी कुऱ्हाड घालाची नाई.” थोरलीने फोनवर हाच शब्द वापरला तेव्हा म्हणूनच मी तिला अर्थ बदलण्याबद्दल विचारले.

आता तो हुकूम.

कॅम्प बंद करून सगळी माणसे परत आणायची, याला मुन्शीजींच्या बोलीत ‘वाढवा’ असा शब्द होता. तुम्हा दोघांना वाढवणे म्हणजे मोठे करणे, जास्त करणे एवढेच ठाऊक असेल. पण आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडणे म्हणजे वाढवणे, आणि हातातली बांगडी फुटली तर ती वाढली. जे तोंडाने म्हणू नये त्याच्या जागी त्याचा उलटा शब्द ठेवायचा, म्हणजे अशुभाला रस्ता सापडत नाही, अशी ती समजूत. जंगलात काम करणारी माणसे तर हे फार कसोशीने पाळत. जिथे चुली पेटत आहेत त्या जागेला ‘बंद’ हा शब्द लावायचा नाही. चूल बंद असते ती मेलेल्याच्या घरी. माणसे जास्त लावायची असतील तर त्याला वेगळा शब्द होता, ‘भरा’. इतकी वर्षे कुणाचा घोटाळा झाला नव्हता.

घोटाळा झाला तो मुंबईला. राज्य बदलल्यावर कंपनीने हेड ऑफिस तिकडे नेले. तिथल्या नव्या माणसाने आमच्या अहवालात कुरखेड्याकडचा एक कॅम्प ‘वाढवला’ असे वाचले आणि तिथे दुप्पट तांदूळ धाडला. तो सगळा रिकाम्या झोपड्यांपाशी भिजून कुजला. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने वाचले तसे केले. पण यातून मुंबईकरांनी ठरवले की चांद्याची बोली चांगली आहे, ती सगळीकडे चालवावी, मात्र आधी नीट करून घ्यावी. होळीनंतर सुधारलेली यादी आली. वर लिहिले होते की प्रत्येक शब्दाचा कोशात असेल तोच अर्थ घ्यावा. पुढे रांगेत हुकूम आणि त्यांचे अर्थ. ‘भरा’ फक्त ट्रक भरण्यासाठी. ‘वाढवा’ म्हणजे माणसे जास्त लावा. ‘बंद’ म्हणजे कॅम्प बंद.

तिच्या प्रती मीच टाइप केल्या. मुन्शीजी अर्थ बदलल्यामुळे रागावतील असे मला वाटले होते, पण झाले उलटे. आपल्या बोलीला मुंबईच्या कागदावर जागा मिळाली, याचाच त्यांना अभिमान. ते प्रत्येक मुकादमाला बोलावून नवे अर्थ घोकून घेऊ लागले.

तुमचे आजोबा घरी आले तेव्हा मी त्यांना यादी वाचून दाखवली. ते जेवत होते.

“म्हणजे आता मी तुला रात्री दिवा वाढव म्हटलं,” ते म्हणाले, “तर तू काय करशील?”

“आणखी एक लावीन.”

“आणि तिसऱ्यांदा म्हटलं तर?”

“तर सगळ्या आळीला दिसेल की तुम्ही घरी आला आहात.”

आम्ही पुष्कळ हसलो. नंतर त्यांनी हात धुऊन यादी मागून घेतली आणि पाठ करायला बसले. ते तसेच होते. जी गोष्ट ठरली ती ठरली. आवडली नाही तर वरिष्ठांशी भांडावे, पण ठरलेली असेपर्यंत पाळावी. लग्नाआधी मला त्यांचा हा स्वभाव फार आवडला होता. माझा स्वतःचाही तोच आहे.

त्या उन्हाळ्यात ते येन-डोहाच्या कॅम्पवर गेले. येन हे तिकडचे मोठे झाड. कॅम्प भामरागडच्याही पलीकडे होता, नदी ओलांडून. तिथे तीन नद्या एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पाणी चढले की पलीकडची माणसे दिवाळीच्या तोंडापर्यंत पलीकडेच राहतात. म्हणून मृगाच्या आधी तिकडचे कॅम्प आवरायचे, हा नेहमीचा शिरस्ता. जाताना त्यांना ठाऊक होते की मला दिवस गेले आहेत. “हुकूम आला की दुसऱ्या दिवशी निघालो,” असे ते म्हणाले. मला एवढेच हवे होते: पाणी चढण्याआधी ते नदीच्या अलीकडे यावेत.

मृग जवळ आला तेव्हा मुन्शीजींनी निरोप काढला. येन-डोहाचा हरकारा धानोऱ्याकडचा होता, घरी धानाची शेती असलेला, चालायला वाघासारखा आणि निरोप कधी न विसरणारा. रिवाज असा की हरकाऱ्याने निघण्यापूर्वी निरोप मोठ्याने म्हणून दाखवायचा. मी माझ्या टेबलापाशी होते.

“बोल,” मुन्शीजी म्हणाले. “बंद येन-डोह सगळे.”

तो वाकून पायातली वहाण नीट करू लागला.

“बोल ना भाऊ. गाडी निघून राह्यली.”

“मुन्शीजी, असं कसं म्हनू जी? तिथी चुली पेटून राह्यल्या.”

“चुलीले थोडी सांगाचं आहे? साहेबाले सांगाचं आहे.”

“साहेब बी चुलीपाशीच जेवते न.”

“आता तसंच आहे. मुंबईचा कायदा. बोल.”

त्याने माझ्याकडे पाहिले. माझे पोट तोवर जरासे दिसू लागले होते. मग त्याने नजर खाली केली, दोन्ही कानांना हात लावला आणि घशातल्या घशात म्हटले, “बंद येन-डोह सगळे.”

“शाब्बास,” मुन्शीजी म्हणाले.

तो गेला. मला तेव्हा काही कळले असे मी म्हणणार नाही. त्याने माझ्याकडे पाहून नजर चुकवली, एवढेच मनात राहिले. गरोदरपणात बायकांना नसत्या शंका येतात म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि दिवस मोजत बसले. त्याने पोहोचायला इतके, कॅम्प आवरायला इतके, परतीला इतके. ते दिवस भरले आणि तुमचे आजोबा आले नाहीत. चांद्याला आभाळ स्वच्छ होते. लोक उकाड्याने हैराण होऊन पावसाची वाट पाहत होते. मी एकटीच असेन, जी रोज सकाळी कोरडे आभाळ पाहून निश्चिंत होत होती.

मग एका दुपारी हरकारा एकटा ऑफिसात आला. धोतर मांडीपर्यंत चिखलाने माखलेले होते. चांद्यात कुठेही चिखल नव्हता.

मुन्शीजी उठून उभे राहिले. “साहेब कुठी आहे?”

“कॅम्पवर हायेत जी. साहेबानं इच्चारलं, आनखी मानसं किती आनू?”

मुन्शीजींना कळेना. मलाही कळेना. त्या बोलीत नुसते हुकूम होते. खालून वर प्रश्न नेणारा शब्द तिच्यात कुणी ठेवलाच नव्हता. म्हणून तुमच्या आजोबांनी साध्या भाषेत विचारून पाठवले होते, आणि ते साधे वाक्य आम्हा दोघांना परके वाटले.

“मानसं? कायची मानसं? तू काय सांगतलं साहेबाले?”

“तुमी सांगतलं तेच जी.”

“काय सांगतलं?”

“वाढवा येन-डोह सगळे.”

“मी बंद म्हनलो होतो न तुले!”

“हो जी,” तो म्हणाला. “तेच तं.”

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने त्याने निरोप अक्षरशः पोहोचवला होता. आपण घरातून निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो, तसा तो शब्द त्याच्या जिभेवर आपोआप उलटला होता. त्याने चुलींना जपले होते, साहेबांना जपले होते, आणि बहुधा माझ्या पोटातल्या जिवालाही.

मुन्शीजी खाली बसले. तोंडातले पान त्यांनी थुंकले नाही, चघळलेही नाही. मग ते म्हणाले, “पानी?”

“आलं जी. मी येतानी गुडघ्याएवढं होतं. इकडं पानी नाई, पन वर बस्तरात पडून राह्यलं. मांगं पायलं तं माही वाट बुडाली होती.”

“बी.ए.बाई, तुमी घरी जा,” मुन्शीजी म्हणाले.

मी गेले नाही. त्याच दिवशी ट्रक निघाला. मुन्शीजी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. तांदूळ घेतला, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या घेतल्या, नावेसाठी दोर घेतले. ते सगळे घेऊन आठवड्याने परत आले. नदीपर्यंत ते पोहोचले होते. नावाड्यांनी नाव पाण्यात घालायला नकार दिला. मुन्शीजींनी काठावरून हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्या त्यांच्या त्यांनाच ऐकू आल्या नाहीत. हे त्यांनी मला उभ्याउभ्या सांगितले आणि माझ्याकडे न पाहता आत जाऊन बसले.

तो पावसाळा मी कसा काढला ते लिहिण्यासारखे नाही. ऑफिसात जात होते. पत्रे टाइप करत होते. तिकडून कसलीच बातमी येत नव्हती, आणि येणार नाही हे ठाऊक होते. एक गोष्ट मात्र सांगते. आमच्या आळीच्या कोपऱ्यावर किराण्याचे दुकान होते. संध्याकाळी मी घरी परतताना दुकानदार फळ्या लावत असे आणि सवयीने विचारी, “काही पायजे का बाई? वाढवून राह्यलो.” जन्मापासून ऐकलेला शब्द, पण त्या दिवसांत तो ऐकला की मी चालता चालता थांबत असे. पुढे पुढे मी दुसऱ्या गल्लीने वळसा घालून जाऊ लागले. तर तिकडे एका घरातून सासू सुनेला सांगत होती, दिवा वाढव.

पोळा झाला, गणपती झाले, पितृपक्ष आला. पाणी उतरल्यावर पहिला आला तो कॅम्पचा मुकादम. हा मुकादम चांगला धिप्पाड माणूस होता. दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखले नाही. तो ओट्यावर बसला. मी पाणी आणून दिले, ते त्याने हातात धरून ठेवले, आणि मला कळले.

मग त्याने सांगितले. हरकारा आला, ‘वाढवा येन-डोह सगळे’ म्हणाला, तसे मुकादमाने भांडी बांधायला सुरुवात केली. तुमच्या आजोबांनी त्याला थांबवले.

“साहेब म्हनले, अरे, होळीपासून अर्थ बदलला, मीच तं तुले शिकवलं. मी म्हनलो, भाऊ, यादी बदलली आसन, पन मिरुग नाई बदलला. येच्यात मानसं कोन वाढवते? तं साहेब म्हनले, मलाही तेच वाटतं.”

“मग?”

“मंग म्हनले, पन आपल्याले वाटते म्हनून हुकूम मोडून साठ-सत्तर लोकाईचं काम सोडून जाचं का? वर काई कारन आसन. इच्चारून घेऊ. त्यानं हरकाऱ्याले तीन डाव इच्चारलं, बाई. मुन्शीजी असंच बोलले का? तो म्हने, असंच बोलले. तीन डाव.”

ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे, असे तुमच्या आजोबांनी मजुरांना सांगितले. लेकुरवाळे निघाले आणि वेळेत पार झाले. बाकीचे उत्तराची वाट पाहत राहिले. नदी चढली ती वर निरभ्र आभाळ असताना. सकाळी ज्या दगडावर धुणे वाळत होते तो दुपारी दिसेना. त्यानंतर पाऊस आला. धान्य थोडे होते ते त्यांनी मोजून वाटले. झोपड्या टिकेनात तेव्हा जवळच्या माडिया आदिवासींनी त्यांना आपल्या गावात नेले, आपल्याबरोबर कंद आणि आंबील खाऊ घातले. मग हिवताप सुरू झाला. कोयनेल आधी मजुरांना दिले गेले. आधी एक मजूर गेला, आणि श्रावण संपता संपता तुमचे आजोबा.

“शेवटी काही बोलले?” मी विचारले.

“तापात इच्चारत होते, उत्तर आलं का म्हनून.”

मुकादमाने ते पाणी अजून प्यायले नव्हते. मी त्याला पी म्हटले.

कंपनीने हिवतापाने मृत्यू अशी नोंद केली. ती खरीच होती. कुणावर ठपका आला नाही, आणि कुणावर यायला हवा होता हे आजही मला सांगता येणार नाही. हरकाऱ्याने काम सोडले आणि तो पुन्हा चांद्यात दिसला नाही. मुन्शीजींनी मुंबईला पत्र लिहायला मला सांगितले. ते हिंदीत बोलत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की ‘वाढवा’ हा शब्द यादीतून पूर्णपणे काढावा. जुन्या अर्थानेही नको, नव्या अर्थानेही नको. कॅम्प संपवण्यासाठी ‘आवरा’ म्हणावे. हा शब्द कुणाला अशुभ वाटत नाही आणि कोशातही त्याचा उलटा अर्थ नाही. मी मध्येच थांबले तेव्हा तेही थांबले, आणि मी परत टाइप करू लागले तेव्हा पुढे बोलू लागले. मुंबईने शब्द मान्य केला. पुढच्या उन्हाळ्यात सगळे कॅम्प वेळेवर आवरले गेले.

तुमचे बाबा थंडीत जन्मले. मी आणखी दोन वर्षे तिथे काम केले आणि मग नागपूरला शाळेत लागले.

तुमचे बाबा कॉलेजात असताना मुकादम एकदा मला भामरागडला घेऊन गेला. अर्धी वाट जीपने, अर्धी पायी, उन्हाळ्यात, नदीत घोट्याएवढे पाणी असताना. येन-डोहाचा कॅम्प कुठे होता ते त्यालाही नक्की दाखवता आले नाही. सगळीकडे बांबू माजला होता. पण ते माडिया गाव होते. गावाबाहेर त्यांच्या मेलेल्या माणसांचे दगड उभे असतात, रांगेने, कुणाचा उंच, कुणाचा बुटका. रांग संपते तिथे थोडे अंतर सोडून एक दगड होता. एक म्हातारा आमच्याबरोबर आला होता. त्याने त्या दगडाला हात लावला आणि गोंडीत काही सांगितले. मुकादमाने मला त्याचे मराठी करून सांगितले, “हा तुमचावाला, बाई.”

मुन्शीजी आता नाहीत, मुकादमही नाही. कंपनी कधीच बुडाली आणि ती तीन शब्दांची बोली बोलणारे कुणी राहिलेले नाही. तिकडच्या आश्रमशाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. तिला मी मागच्या उन्हाळ्यात जाऊन पाहून यायला सांगितले होते. दगड अजून तिथे आहे, उभा आहे. त्याच्यावर काही लिहिलेले नाही.